मंजूर कुणी केलं? कुंडईतल्या एका गेट पास लिस्टचा प्रकरण अभ्यास

मिरग लागून आठवडा झाला होता आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. जून २०१६. गोव्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्याच्या गेटवरून सकाळी सहाच्या सुमारास एक पिकअप बाहेर पडला. मागे ताडपत्रीखाली पंधरा अश्वशक्तीची मोटर होती, रिवायंडिंगसाठी, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून घ्यायला, फोंड्याला निघालेली. गेटवरच्या काकांनी संगणकावर गेट पासचा नंबर काढला, समोर ‘मंजूर’ लिहिलेलं वाचलं, गाडीचा नंबर जुळवला आणि दांडा वर केला. त्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं.

दोन दिवसांनी कूलिंग टॉवरच्या पंपाची मोटर जळाली. राखीव मोटर आणायला माणूस स्टोअरमध्ये गेला, तर तिथे आधीच जळून ठेवलेली मोटर बसलेली. फोंड्याला जायला हवी होती ती हीच. चांगली, राखीव मोटर मात्र वर्कशॉपमध्ये जाऊन पडली होती. दोन्ही एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या, शेजारी शेजारी ठेवलेल्या. रात्रपाळीच्या घाईत अशी गल्लत कुणाचीही होऊ शकते, आणि नेमकी तेवढ्यासाठीच विभागप्रमुखाची मंजुरी लागते. प्रमुखांनी पासावरचा मोटरचा नंबर पाहिला असता, तर त्यांना लगेच कळलं असतं. पण त्यांनी तो पास पाहिलाच नव्हता. लिस्टमधल्या नोंदीप्रमाणे पास भरणारा आणि मंजूर करणारा माणूस एकच होता, रात्रपाळीचा फिटर.

मीटिंगमध्ये सगळ्यांच्या नजरा त्या पोरावर. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “मॅडम, फॉर्ममध्ये तो रकाना होता. त्यात ‘प्रलंबित’ असं आलं होतं. प्रलंबित पासावर गेट सोडत नाही हे मला माहीत आहे, म्हणून मी ‘मंजूर’ निवडलं. माझं काही चुकलं का?”

त्याचं काहीही चुकलं नव्हतं. तो रकाना त्याला दिसायलाच नको होता. तो दिसू नये अशी व्यवस्था मी केली होती, पण स्क्रिप्टने, म्हणजे फॉर्मच्या पानावर टाकलेल्या एका छोट्या प्रोग्रामने. चूक तिथे होती.

कागदावरून लिस्टवर

आमच्याकडे कुठलीही वस्तू गेटबाहेर न्यायची तर पास लागतो. वस्तू परत येणार असेल तर आरजीपी (रिटर्नेबल गेट पास), येणार नसेल तर एनआरजीपी (नॉन-रिटर्नेबल गेट पास). पूर्वी तीन रंगांच्या पानांचं कार्बन लावलेलं पुस्तक होतं. पांढरं पान गाडीबरोबर, गुलाबी स्टोअरला, पिवळं पुस्तकातच. पावसाळ्यात गेटवरच्या केबिनमध्ये गुलाबी आणि पांढरं एकमेकांना चिकटायचं, आणि कुठली वस्तू अजून परत यायची आहे हे शोधायला स्टोअरच्या माणसाला अख्खा शनिवार लागायचा.

कंपनीत शेअरपॉइंट २०१३ होतं, म्हणजे फायली आणि याद्या सगळ्यांना मिळून वापरता याव्यात यासाठीचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर, आमच्याच सर्व्हर रूममधल्या सर्व्हरवर. तोवर त्याचा उपयोग फायली ठेवण्यापुरताच होता. मी त्यात ‘गेट पास’ नावाची लिस्ट बनवली. शेअरपॉइंटची लिस्ट ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी एवढं पुरे: ती एक तक्ता असते, आणि प्रत्येक तक्त्याला नवीन नोंद, दुरुस्ती आणि नुसतं बघणं अशी तीन फॉर्मची पानं आपोआप मिळतात. हे फॉर्म सरळसोट असतात, जेवढे कॉलम तेवढे रकाने, एकाखाली एक. आरजीपी निवडलं तरच परतीची तारीख विचारावी, मंजुरीचा रकाना फक्त प्रमुखांना दिसावा, असली समज त्यांना नसते. ती समज आणण्यासाठी फॉर्मच्या पानावर स्क्रिप्ट एडिटर नावाचा भाग टाकून त्यात जावास्क्रिप्ट लिहायची. मीही तेच केलं. जेक्वेरी, म्हणजे जावास्क्रिप्टचं काम सोपं करणारी तयार फाइल, घेतली, पन्नासेक ओळी लिहिल्या, आणि फॉर्म शहाण्यासारखा वागायला लागला. लोक खूश होते, मीही होते.

ही स्क्रिप्ट चालते कुठे, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही. ती चालते पास भरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये. सर्व्हरला तिचा पत्ताही नसतो. ब्राउझरने जे पाठवलं ते सर्व्हर त्याच्या स्वतःच्या नियमांनी तपासतो आणि ठेवून देतो. लिस्टला नियम काय, तर ‘मंजुरी’ हा एक साधा कॉलम आहे आणि लिस्टमध्ये लिहायचा अधिकार ज्याला आहे त्याला त्यातही लिहिता येतं. शेअरपॉइंटमध्ये अधिकार साइटवर, लिस्टवर, फोल्डरवर आणि एकेका नोंदीवर देता येतात. एकेका कॉलमवर देता येत नाहीत.

त्या रात्री काय झालं

मी जेक्वेरी बाहेरच्या सर्व्हरवरून घेत होते. तिचा पत्ता स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत. त्या रात्री पावसात इंटरनेटची लाइन गेली. आमचा सर्व्हर इमारतीतच असल्यामुळे शेअरपॉइंट व्यवस्थित चालू होतं, लिस्ट उघडत होती, फॉर्म उघडत होता. फक्त जेक्वेरी आली नाही. ती आली नाही म्हणून माझ्या पन्नास ओळींपैकी एकही चालली नाही, आणि फॉर्म मुळात जसा असतो तसा उघडला, सगळे रकाने उघडे. स्क्रीनवर ना लाल अक्षरं, ना सूचना. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, जिथे पानातल्या चुका नोंदल्या जातात, एक ओळ आली असणार, पण रात्रपाळीत कन्सोल कोण उघडतं?

मी लिस्ट चाळली. त्या एका रात्रीत भरलेले अकरा पास भरणाऱ्यांनीच मंजूर केले होते. अकरा पास, सात माणसं. सात माणसांनी एकाच रात्री लबाडी केली असं कुणीच म्हणणार नाही. त्यांना रकाना दिसला आणि त्यांनी तो भरला. मीटिंगमध्ये मी हा आकडा मांडला, तेव्हा फिटरवरचा विषय संपला. हे लिहिताना मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. फॉर्म नीट नसला की दोष भरणाऱ्या माणसावर जातो, आणि तो माणूस बहुतेक वेळा स्वतःची बाजू मांडू शकणारा नसतो.

मग मी पहिला इलाज केला तो अर्धवट. जेक्वेरीची फाइल साइटच्याच असेट्स लायब्ररीत, म्हणजे आमच्याच सर्व्हरवरच्या फायलींच्या जागी, ठेवली आणि पत्ता बदलला. आता इंटरनेट जावो की राहो, फॉर्म चालेल. दहा मिनिटांचं काम. हे करायलाच हवं होतं, आणि ज्यांचा सर्व्हर कंपनीत आहे त्यांना माझं आजही सांगणं आहे की बाहेरून काही ओढू नका.

पण आठवड्याभरात स्टोअरच्या मुलाने क्विक एडिट उघडलं. क्विक एडिटमध्ये लिस्ट एक्सेलसारखी दिसते आणि ओळीतच बदल करता येतो. त्याला वाहनांचे चुकलेले नंबर दुरुस्त करायचे होते. तिथे ‘मंजुरी’चा कॉलम उघडा पडलेला. फॉर्मच उघडला नाही तर फॉर्मवरची स्क्रिप्ट चालणार कुठून? त्याने त्या कॉलमला हात लावला नाही, हा त्याचा सरळपणा. लावला असता तर मला कळलंही नसतं. शिवाय माझ्या लक्षात आलं की नवीन नोंदीच्या पानावर स्क्रिप्ट टाकली तेव्हा दुरुस्तीच्या पानावर टाकायची राहूनच गेली होती. ती दोन वेगळी पानं असतात. म्हणजे गेले काही महिने, पास भरून सेव्ह करून पुन्हा उघडणाऱ्या कुणालाही मंजुरीचा रकाना दिसत होता.

मंजुरीचा कॉलमच काढून टाकला

शेअरपॉइंटमध्ये ही गोष्ट पहिल्यापासून होती आणि मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. लिस्टच्या सेटिंगमध्ये, व्हर्जनिंगच्या पानावर, नोंदींना मंजुरी आवश्यक करायची सोय असते. ती सुरू केली की प्रत्येक नवी नोंद प्रलंबित राहते, आणि मंजूर किंवा नामंजूर करणं फक्त ज्यांच्याकडे तो अधिकार आहे त्यांनाच जमतं. फॉर्ममधून, क्विक एडिटमधून, एक्सेलमधून, कुठूनही या, सर्व्हर ऐकत नाही. त्याच पानावर असंही ठरवता येतं की प्रलंबित नोंद फक्त भरणाऱ्याला आणि मंजुरी देणाऱ्यांना दिसावी. गेटच्या लॉगिनला आम्ही फक्त वाचायचा अधिकार दिला. त्यामुळे गेटवर जे पास दिसतात ते मंजूरच असतात. काकांना ‘मंजूर’ हा शब्द वाचावाही लागत नाही. पास दिसत नसेल तर गाडी थांबते.

याचा आणखी एक गुण आम्हाला नंतर कळला. मंजूर झालेल्या नोंदीत मंजुरीचा अधिकार नसलेल्या कुणी बदल केला, की ती परत प्रलंबित होते. पास मंजूर करून घ्यायचा आणि मग मोटरचा नंबर बदलायचा, ही वाट आपोआप बंद झाली.

मात्र याच गुणाने दुसरी अडचण उभी केली. गाडी गेली की गेटवरून ‘बाहेर गेली’ ही वेळ त्याच पासात लिहिली जायची. आता गेटवाल्यांना तिथे लिहायचा अधिकार दिला, तर त्यांनी वेळ लिहिताच पास प्रलंबित होऊन त्यांच्याच डोळ्यांसमोरून नाहीसा होणार. दोन दिवस आम्ही याच्याभोवती फिरत होतो. शेवटी मेंटेनन्सच्या फोरमनने सांगितलं, “पूर्वी गेटवर त्यांचं स्वतःचं रजिस्टर असायचं की. पास वेगळा, रजिस्टर वेगळं.” तेच खरं होतं. कागदाच्या काळात ज्या दोन वस्तू वेगळ्या होत्या त्या मी संगणकावर आणताना एकात कालवल्या होत्या. ‘गेट रजिस्टर’ नावाची दुसरी लिस्ट केली. त्यात पासाचा लुकअप (पासाच्या लिस्टमधून नंबर निवडायचा रकाना), गेल्याची वेळ, परतीची अपेक्षित तारीख, आल्याची वेळ आणि स्थिती. तिथे लिहायचा अधिकार गेटला आणि स्टोअरला, पासाच्या लिस्टमध्ये त्यांना लिहिता येत नाही.

परतीच्या तारखेचा नियम लिस्टच्या व्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे सेव्ह होताना तपासल्या जाणाऱ्या सूत्रात, गेला: प्रकार आरजीपी असेल तर तारीख रिकामी नको, आणि ती पासाच्या तारखेच्या आधीची नको. हेही सर्व्हरवर तपासलं जातं, त्यामुळे क्विक एडिटलाही लागू. पासाचा नंबर दोनदा येऊ नये म्हणून त्या कॉलमवर ‘एकमेव मूल्य’ सक्तीचं केलं.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, पहिली कसोटी लागली. गोव्यात चवथीला माणूस कामावर असेल तर तो नाइलाजाने. प्रमुख गावी, मंजुरी देणारं कुणी नाही, आणि खाली पास अडकलेले. पूर्वी अशा वेळी कुणीतरी कुणाच्या तरी वतीने सही ठोकायचं. आता ते जमेना, म्हणून फोन सुरू झाले. त्यानंतर प्रत्येक विभागाची दोन नावं मंजुरीच्या ग्रुपमध्ये घातली, आणि सुट्टीच्या अर्जावर ‘पर्यायी मंजुरी कोण’ हा प्रश्न आला. हा इलाज कागदी आहे, संगणकाचा नाही, पण त्याच्याशिवाय बाकी सगळं फुकट गेलं असतं.

मग स्क्रिप्ट कशाला?

एवढं झाल्यावर आमच्या साहेबांनी विचारलं की आता स्क्रिप्ट काढूनच टाकायची का. मी नाही म्हटलं.

लिस्ट व्हॅलिडेशनला अख्ख्या लिस्टमागे एकच सूत्र आणि एकच संदेश देता येतो. तीन अटी एका सूत्रात कोंबल्या तर चुकणाऱ्याला वाक्य एकच दिसतं, आणि त्याला कळत नाही की नेमकं काय चुकलं. तो तेच परत भरतो, परत अडतो, आणि मग फोन करतो. शेअरपॉइंटचा जुना फॉर्म सेव्ह करण्याआधी प्रीसेव्हअ‍ॅक्शन नावाचं फंक्शन शोधतो. पानावर ते असेल तर चालवतो, आणि त्याने नकार दिला तर सेव्ह थांबवतो. तिथे मी रकान्यागणिक साध्या मराठीत वाक्यं लिहिली. ‘वस्तू परत येणार आहे, म्हणून परतीची तारीख लिहा.’ ‘परतीची तारीख आजच्या आधीची आहे.’ नकार देणारा सर्व्हर आहे. तो नकार का, हे माणसाला समजेल असं सांगायला स्क्रिप्टइतकं चांगलं साधन नाही.

तसंच गेटचं. रजिस्टरच्या फॉर्ममध्ये पासाचा लुकअप शेकडो नंबरांची यादी दाखवायचा, आणि गेटवर मागे ट्रक हॉर्न वाजवत असताना त्यात नंबर शोधणं म्हणजे शिक्षा. म्हणून पासांच्या व्ह्यूमध्ये (लिस्ट स्क्रीनवर दिसते त्या यादीत) प्रत्येक ओळीपुढे ‘सोडा’ अशी लिंक दिली. ती रजिस्टरचा नवा फॉर्म उघडते, पत्त्याच्या शेपटीला पासाचा क्रमांक आणि परतीची तारीख लावून. फॉर्मवरची स्क्रिप्ट ती शेपटी वाचून दोन्ही रकाने भरते. काकांनी फक्त सेव्ह दाबायचं. स्क्रिप्ट कधी चाललीच नाही तर ते यादीतून नंबर शोधतील, उशीर होईल, पण चुकीची वस्तू बाहेर जाणार नाही.

तेव्हापासून नवी स्क्रिप्ट चढवण्याआधी मी एक चाचणी करते. लायब्ररीतल्या स्क्रिप्टच्या फाइलचं नाव बदलते, म्हणजे ती कुणाला सापडत नाही, आणि फिटरच्या लॉगिनने पूर्ण पास भरून पाहते. गैरसोय व्हायला हरकत नाही. काही भलतंच सेव्ह झालं तर तो नियम चुकीच्या जागी लिहिलेला आहे असं समजायचं.

आवेश किती दाखवायचा याचाही धडा मिळाला. वाहनाचा नंबर नीट यावा म्हणून मी तपासणी लावली होती, ‘जीए’ने सुरू व्हायला हवा. जीए-०५ फोंड्याचा, जीए-०६ वास्कोचा, अशा हिशेबाने. पहिल्याच दिवशी कोल्हापूरचा एमएच-०९ ट्रक आला. फॉर्म घेईना. बाहेर जायची घाई, म्हणून कुणीतरी जीए-०५ लावून खोटा नंबर घातला आणि पास पुढे गेला. माझ्या नियमाने खोटी नोंद करवून घेतली. त्याच संध्याकाळी ती तपासणी काढली. आता नंबर रिकामा नसावा एवढंच बघतो.

मराठी नावं आणि चार अक्षरांची जागा

गेटवरचे तिघेही डिचोली-फोंड्याकडचे, मराठी शाळेत शिकलेले, मराठी वाचन पक्कं. त्यांनी मागणी केली की रकान्यांची नावं मराठीत असावीत. रास्त मागणी. मी इंग्रजी नावांचे कॉलम मराठी केले आणि त्याच क्षणी अर्धी स्क्रिप्ट बंद पडली. कारण माझी स्क्रिप्ट रकाना शोधायची तो त्याच्या दिसणाऱ्या नावाने. जेक्वेरीला रकाना सापडला नाही तर ती तक्रार करत नाही, गप्प बसते. दोन दिवस कुणाला कळलंच नाही.

प्रत्येक कॉलमला दिसणारं नाव असतं तसं एक अंतर्गत नावही असतं. ते कॉलम पहिल्यांदा बनवताना ठरतं आणि पुढे कितीही वेळा नाव बदललं तरी बदलत नाही. शोधायचं त्याने. २०१३ च्या फॉर्ममध्ये रकान्याच्या आयडीची सुरुवातच अंतर्गत नावाने होते, त्यामुळे हे सोपं आहे.

पण याच्यात मराठीपुरता एक खड्डा आहे, आणि मी तो कुठेच लिहिलेला पाहिला नाही म्हणून सविस्तर सांगते. नंतर वाढवलेले दोन कॉलम मी थेट मराठीत बनवले, ‘परत येण्याची तारीख’ आणि ‘परत येण्याचे कारण’. अंतर्गत नावात देवनागरी चालत नाही, प्रत्येक चिन्हाचा संकेत लिहिला जातो. एका चिन्हाला सात जागा लागतात, आणि काना-मात्रासुद्धा स्वतंत्र चिन्ह धरलं जातं. अंतर्गत नावाला एकूण ३२ जागा. म्हणजे ‘प’च्या सात, ‘र’च्या सात, ‘त’च्या सात, मधल्या रिकाम्या जागेच्या सात, झाले २८. उरलेल्या चार जागांत ‘य’चा संकेत अर्ध्यावर कापला जातो. दोन्ही कॉलमची नावं इथपर्यंत तंतोतंत सारखी! म्हणून दुसऱ्याच्या शेवटी एक शून्य जोडलं गेलं. तारीख कुठली आणि कारण कुठलं, हे नाव वाचून सांगणं अशक्य. स्क्रिप्टमध्ये मी त्यांची अदलाबदल केली यात नवल नाही.

तेव्हापासून आमचा रिवाज ठरला. कॉलम आधी रोमन लिपीतल्या एका छोट्या, जोडून लिहिलेल्या शब्दाने बनवायचा, सेव्ह करायचा, आणि मग सेटिंगमध्ये जाऊन दिसणारं नाव मराठी करायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. जे मराठीत लिस्ट बनवतात त्यांनी हे एवढं तरी नक्की करावं.

लाल न होणाऱ्या ओळी

रजिस्टरमध्ये मुदत उलटलेल्या वस्तूंची ओळ लाल दिसावी अशी स्टोअरची इच्छा. कॅल्क्युलेटेड कॉलममध्ये (सूत्राने आपोआप भरणाऱ्या कॉलममध्ये) ‘आज’ हा शब्द रोज बदलत नाही, त्यामुळे ‘किती दिवस उलटले’ तिथे काढता येत नाही. २०१३ पासून लिस्टचा व्ह्यू ब्राउझरमध्येच रंगवला जातो आणि जेएसलिंक या जागी आपली फाइल जोडून त्या रंगकामात हात घालता येतो. मी फाइल जोडली, चार ओळी लाल झाल्या, काम झालं असं समजले.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि अकाउंट्सला आमच्या रजिस्टरची अचानक गरज पडली. कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, पाठवलेला कच्चा माल एका वर्षात आणि यंत्रसामग्री तीन वर्षांत परत आली नाही, तर पाठवली त्या दिवशीच ती विकली असं धरून कर लागू होतो. साचे, डाय, जिग, फिक्श्चर आणि हत्यारं यांना ती मुदत नाही. अकाउंट्सच्या ताई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या यादीत महिन्याच्या उत्तरार्धातल्या वस्तू कधीच लाल होत नाहीत. सगळे महिन्याच्या सुरुवातीलाच उशीर करतात का?”

त्यांनी बरोबर जागेवर बोट ठेवलं होतं. व्ह्यूमध्ये स्क्रिप्टच्या हाती तारीख येते ती साइटच्या प्रांतीय सेटिंगप्रमाणे लिहिलेली, आमच्याकडे दिवस-महिना-वर्ष अशी, नुसता मजकूर म्हणून. मी तो मजकूर सरळ जावास्क्रिप्टच्या तारखेत ओतला. जावास्क्रिप्टने तो अमेरिकन पद्धतीने वाचला. ०३-०६-२०१७ म्हणजे आमची ३ जून, तिने घेतली ६ मार्च, म्हणून ओळ तीन महिने आधीच लाल. आणि १३-०६-२०१७ आली की तेरावा महिना नसतो म्हणून तारीखच अवैध. अवैध तारखेची कशाशीही तुलना केली तरी उत्तर ‘नाही’ येतं. म्हणून १३ तारखेपासून पुढचं काहीही, वर्षभर बाहेर राहिलं तरी, लाल होणार नव्हतं. इलाज तीन ओळींचा: मजकूर आडव्या रेघेवर तोडायचा, तीन आकडे वेगळे करायचे, आणि वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख बनवायची, महिन्यातून एक वजा करून, कारण जावास्क्रिप्ट महिने शून्यापासून मोजते.

अकाउंट्स आणि मी बसून जुन्या सगळ्या आरजीपी हाताने तपासल्या. दोन दिवस गेले.

याच सुमारास स्टोअरमधून तक्रार होती की रंग कधी दिसतात, कधी दिसत नाहीत. २०१३ च्या टीम साइटवर पान बदलताना पूर्ण पान नव्याने येत नाही, फक्त बदललेला भाग येतो, आणि मग दुसऱ्यांदा त्या व्ह्यूवर आलं की रंगवणाऱ्या आपल्या फाइलची नोंदणी परत होत नाही. रजिस्टरमॉड्यूलइनिट नावाच्या फंक्शनने ती पुन्हा करून घेता येते. आम्ही साइटच्या फीचरमधून ती सोयच बंद केली, साइट लहान असल्यामुळे वेगात काही फरक पडला नाही.

दिवसाला पंचवीस-तीस नोंदी, म्हणजे आठेक महिन्यांत लिस्ट ५००० च्या पुढे. ही सीमा आधी माहीत असली पाहिजे. एका व्ह्यूला ५००० पेक्षा जास्त नोंदी चाळाव्या लागल्या तर शेअरपॉइंट तो अडवतं, कारण तेवढ्या ओळींच्या आसपास खालचा एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे शेअरपॉइंटचा डेटाबेस, एकेक ओळ न अडवता अख्खा तक्ताच अडवतो आणि बाकीच्यांची कामं थांबतात. ‘स्थिती’ कॉलमवर इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी, सगळ्या नोंदी न चाळता शोधायची सोय) लिस्ट लहान असतानाच केला, म्हणून ‘बाहेर असलेले’ हा व्ह्यू पुढेही चालत राहिला. २०१३ मध्ये लिस्ट सीमा ओलांडून गेली की इंडेक्स बनवणंही अडवलं जायचं.

स्थलांतर

शेअरपॉइंट २०१३ ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार ११ एप्रिल २०२३ ला संपणार हे जाहीर होतं. आम्ही त्याआधी शेअरपॉइंट ऑनलाइनवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सर्व्हरवर, गेलो. तिथल्या नव्या पद्धतीच्या लिस्टमध्ये स्क्रिप्ट एडिटर नाही, जेएसलिंक चालत नाही, प्रीसेव्हअ‍ॅक्शनकडे कुणी बघत नाही. जुन्या पद्धतीचं पान ठेवून स्क्रिप्ट चालवायची तर साइटवरची परवानगी उघडावी लागते, आणि २०२४ पासून ती उघडली तरी चोवीस तासांत आपोआप मिटते.

स्थलांतराच्या आधी मी सगळे नियम एका कागदावर काढले आणि प्रत्येकापुढे तो कुठे राहतो ते लिहिलं. मंजुरी, परतीच्या तारखेचं व्हॅलिडेशन, एकमेव नंबर, दोन लिस्टचे वेगळे अधिकार ही सगळी मांडणी आहे तशी पुढे नेता आली, एकाही नियमाची फेरमांडणी करावी लागली नाही. स्क्रिप्टचं सगळं गेलं. रंग कॉलम फॉरमॅटिंगच्या जेसनमध्ये (कॉलम कसा दिसावा हे लिहायच्या ठरावीक मांडणीत) अर्ध्या दिवसात परत आले, आणि तिथे तारीख तारीख म्हणूनच मिळते, मजकूर म्हणून नाही. आरजीपी असेल तरच परतीची तारीख दिसावी हे फॉर्मच्या अटीच्या सूत्राने जमलं. रकान्यागणिक मराठी संदेश काही अंशी कॉलमच्या स्वतःच्या व्हॅलिडेशनमध्ये बसले. ‘सोडा’ची लिंक मात्र गेली, कारण नवा फॉर्म पत्त्याची शेपटी वाचून रकाने भरत नाही. तिच्या जागी ओळीवर एक बटण आहे, जे पॉवर ऑटोमेट या मायक्रोसॉफ्टच्या साधनातला फ्लो, म्हणजे ठरवून दिलेली कामांची साखळी, चालवून रजिस्टरमध्ये नोंद करतं. त्याला पूर्वीपेक्षा एक टिचकी जास्त लागते, आणि काका मला तिची प्रत्येक भेटीत आठवण करून देतात.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. गेटच्या संगणकावर तिन्ही पाळ्यांची माणसं एकाच लॉगिनने बसतात. पास कुणी भरला, कुणी मंजूर केला हे आता लिस्ट खात्रीने सांगते, पण गाडी कुणी सोडली हे विचारलं तर चोवीस तास तेच एक नाव येतं. कुठल्या पाळीत कोण होतं हे निवडायचा रकाना करता येईल, पण तो पुन्हा भरणाऱ्याच्या सांगण्यावर अवलंबून, आणि त्या मोटरनंतर मला तसलं काही करायचं नाही. वेगळ्या लॉगिनसाठी प्रस्ताव दिला आहे. तोवर केबिनमध्ये संगणकाशेजारी एक वही आहे, पाळी बदलताना दोघे तिच्यात सही करतात, आणि पावसाळ्यात तिच्यावर प्लास्टिकचं कव्हर घालतात.